कॉन्फरन्सचा शिक्का आणि क्वार्टरबॅकची पारख

"आकडे चांगले आहेत, पण तो खेळला कोणाविरुद्ध?" एनएफएलच्या ड्राफ्टची चर्चा सुरू झाली की हे वाक्य हमखास कानावर येतं. ऐकायला तो प्रश्न वाटतो, पण विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुलगा एसईसीत, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळला असेल तर त्याची कामगिरी अस्सल धरायची. बिग टेनमध्ये असेल तरी चालेल. बिग ट्वेल्व्हचा असेल तर 'तिथे डिफेन्स कोण खेळतं' म्हणून आकडे थोडे खाली आणायचे. आणि माउंटन वेस्ट किंवा मिड-अमेरिकनसारख्या छोट्या कॉन्फरन्समधून आला असेल, तर त्याने काहीही करून दाखवलं तरी त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं. ही प्रतवारी अनुभवातून आलेलं शहाणपण म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती चूक आहे, आणि तिचा भुर्दंड विशीतल्या मुलांना भरावा लागतो, म्हणून ती खोडून काढणं गरजेचं आहे.

ज्यांचा या खेळाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि त्यांना नवे खेळाडू मिळतात ते विद्यापीठांच्या मैदानांवरून. दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो, आदल्या हंगामात सर्वांत मागे राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. विद्यापीठांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात आणि बरेचसे सामने आपापल्या गटातच खेळतात. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. त्यामुळे त्याची निवड चुकली तर संघ पाच-सहा वर्षं मागे पडतो. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर फरक याहून मोठा आहे. २०२५ साली पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या कॅम वॉर्डचा चार वर्षांचा करार सुमारे ४.९ कोटी डॉलरचा होता. २०२२ साली शेवटच्या, म्हणजे २६२व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या ब्रॉक पर्डीचा चार वर्षांचा पहिला करार सुमारे ३७ लाख डॉलरचा. पर्डी आयोवा स्टेटचा, म्हणजे बिग ट्वेल्व्हचा. त्याने पुढे सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

विरोधी बाजूच्या म्हणण्यात तथ्य आहे ते आधी मान्य करतो. एसईसी ही कॉलेज फुटबॉलमधली सर्वांत सकस कॉन्फरन्स आहे. २००७ पासून जवळजवळ वीस वर्षं ड्राफ्टमध्ये सर्वाधिक खेळाडू याच कॉन्फरन्सचे निवडले गेले. अलाबामा किंवा जॉर्जियाच्या बचावफळीसमोर उभं राहणं आणि वायोमिंगच्या एखाद्या शेजाऱ्याच्या बचावफळीसमोर उभं राहणं या दोन गोष्टी सारख्या आहेत असं कोणी म्हणत असेल तर त्याने दोन्ही सामने पाहिलेले नाहीत. समोरचे खेळाडू जितके वेगवान तितका क्वार्टरबॅकला विचार करायला कमी वेळ मिळतो, मोकळा दिसणारा सहकारी तितक्या लवकर झाकला जातो. इथवर माझा काही वाद नाही.

वाद पुढे आहे. समोरची अकरा माणसं मोजणारे त्याच्या बाजूची दहा माणसं मोजायला विसरतात.

एसईसीच्या वरच्या संघातला क्वार्टरबॅक देशातल्या सर्वोत्तम बचावफळ्यांसमोर खेळतो, हे खरं. पण त्याच्यापुढे जी पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन भिंतीसारखी उभी असते तीही देशातली सर्वोत्तम असते, आणि तो ज्यांना चेंडू फेकतो ते रिसीव्हरही उद्याचे एनएफएल खेळाडूच असतात. २०२० चा अलाबामाचा संघ घ्या. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला दिला जाणारा जो मूर पुरस्कार त्यांच्याकडे होता. रिसीव्हर डेव्होन्टा स्मिथला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली. पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्याच फेरीत अलाबामाचे सहा खेळाडू निवडले गेले. त्यांतला एक मॅक जोन्स, पंधराव्या क्रमांकावर गेलेला क्वार्टरबॅक, त्याने त्या हंगामात ७७ टक्क्यांहून अधिक पास पूर्ण केले होते. ते पास एसईसीच्या डिफेन्सविरुद्ध होते म्हणून त्यांचं मोल अधिक, की ते स्मिथ आणि जेलन वॉडलसारख्या रिसीव्हरांना होते म्हणून कमी? कॉन्फरन्सचं नाव या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्यालाच उत्तर देतं.

याची उलट बाजू वायोमिंगच्या जॉश ॲलनच्या वाट्याला आली. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातला हा मुलगा आधी रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळला आणि मग माउंटन वेस्टमधल्या वायोमिंगला गेला. २०१६ चा हंगाम त्याने गाजवला. त्यानंतर त्याचा सेंटर चेस रुलिए आणि रनिंग बॅक ब्रायन हिल हे दोघेही ड्राफ्टमध्ये निघून गेले, मुख्य रिसीव्हरही शिक्षण संपवून गेले, आणि २०१७ साली ॲलनला जवळजवळ नव्या माणसांबरोबर खेळावं लागलं. आयोवाने त्यांना २४-३ असं हरवलं, ओरेगॉनने ४९-१३ असं. टीकाकारांना हवा तो पुरावा मिळाला: मोठ्या कॉन्फरन्सचा संघ समोर आला की हा मुलगा उघडा पडतो. त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण झाले, तेही माउंटन वेस्टमध्ये, म्हणजे खरी पातळी आणखी खाली असणार असा हिशेब मांडला गेला. त्या दोन सामन्यांत ॲलन वाईट खेळला हे मी नाकारत नाही. पण आयोवाच्या बचावफळीला त्या दिवशी ॲलन एकटा भिडत नव्हता, वायोमिंगची नवखी लाइन आणि नवखे रिसीव्हरही भिडत होते, आणि पराभव मात्र एकट्याच्या नावावर लिहिला गेला. बफेलोने त्याला २०१८ साली सातव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी तिथेही तो अडखळला, पास ५३ टक्क्यांपर्यंतच पूर्ण झाले. २०२० साली स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर संघात आला आणि त्याच ॲलनचा आकडा ६९ टक्क्यांवर गेला. २०२४ च्या हंगामाचा तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ॲलनने स्वतः अपार मेहनत घेतली हे उघड आहे. पण भोवतीची माणसं बदलली की आकडे किती बदलतात हेही त्याच्या प्रवासात लख्ख दिसतं.

कॉन्फरन्स तीच आणि माणूसही तोच असताना काय होऊ शकतं याचं सर्वांत ठळक उदाहरण एसईसीतच आहे. जो बरो ओहायो स्टेटमध्ये संधी न मिळाल्याने २०१८ साली एलएसयूत आला. त्या हंगामात त्याचे १६ टचडाउन पास, ५८ टक्क्यांच्या आत पूर्ण झालेले पास. पहिल्या फेरीत त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. पुढच्या वर्षी ६० टचडाउन आणि ७६ टक्के. दोन्ही वर्षं कॉन्फरन्स एसईसीच. बदललं काय? न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून आलेल्या जो ब्रेडीबरोबर पास फेकण्याची पद्धत बदलली, जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर तयार झाले, त्यांच्या लाइनने जो मूर पुरस्कार मिळवला, आणि बरो स्वतः खेळ वाचायला शिकला. यातली एकही गोष्ट 'एसईसी' या तीन अक्षरांत मावत नाही.

गेल्या काही वर्षांत तर या प्रश्नाची परीक्षा घेण्याची सोयच झाली आहे. २०१८ साली ट्रान्सफर पोर्टल सुरू झाला, २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि तोच क्वार्टरबॅक दोन-तीन कॉन्फरन्समध्ये पाहायला मिळू लागला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक होते. त्यांतले चौघे आपापली विद्यापीठं आणि कॉन्फरन्स बदलून तिथवर पोहोचले. त्यांतल्या तिघांचे प्रवास पाहा. जेडन डॅनियल्स ॲरिझोना स्टेट सोडून एलएसयूत, म्हणजे पॅक-ट्वेल्व्हमधून एसईसीत गेला आणि दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. 'बघा, एसईसीने घडवलं,' असं म्हणायला जागा झाली. पण त्याच यादीत बाराव्या क्रमांकावर बो निक्स आहे, आणि त्याचा प्रवास नेमका उलटा: तीन वर्षं ऑबर्नकडून एसईसीत खेळला, तिथे त्याला फारसं कोणी मानलं नाही, आणि पॅक-ट्वेल्व्हमधल्या ओरेगॉनला गेल्यावर त्याने ७७ टक्क्यांहून अधिक पास पूर्ण करत मॅक जोन्सचा विक्रम किंचित मागे टाकला. आठव्या क्रमांकाचा मायकेल पेनिक्स बिग टेनमधल्या इंडियानातून वॉशिंग्टनला गेला. दुखापतींनी त्याचे हंगामच्या हंगाम खाल्ले होते. वॉशिंग्टनमध्ये त्याला मिळाली २०२३ चा जो मूर पुरस्कार जिंकणारी लाइन आणि रोम ओडुन्झेसारखा रिसीव्हर, जो त्याच ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर गेला. डॅनियल्सच्या बाजूलाही एलएसयूत मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस होते, दोघेही त्याच वर्षी पहिल्या फेरीत. तिघांच्या दिशा वेगवेगळ्या, कॉन्फरन्सचा चढउतार वेगवेगळा. समान गोष्ट एकच, तिघांनाही चांगली माणसं आणि आपल्या हाताला जमणारी पद्धत मिळाली.

आता समोरच्यांची हुकमी उदाहरणं. ट्रे लान्स आणि झॅक विल्सन ही दोन नावं घेतल्याशिवाय हा वाद पुढे जात नाही. लान्स नॉर्थ डकोटा स्टेटचा, म्हणजे वरच्या विभागातलासुद्धा नाही, एफसीएस या खालच्या विभागातला. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोने पुढच्या वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२३ साली चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं. विल्सन बीवाययूचा, तेव्हा कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या संघाचा. जेट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि तोही टिकला नाही. म्हणजे लहान पातळीवरचे मुलगे अपयशी ठरतात, असं सिद्ध झालं?

लान्स ड्राफ्टला आला तेव्हा त्याने कॉलेजात फक्त सतरा सामन्यांत सुरुवात केली होती. महामारीमुळे २०२० साली तो एकच सामना खेळला. एनएफएलमधल्या दुसऱ्या हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याचा घोटा मोडला. आता त्याच्या शेजारी दोन नावं ठेवा. मिचेल ट्रुबिस्की नॉर्थ कॅरोलायनाचा, एसीसी कॉन्फरन्स, २०१७ चा दुसरा क्रमांक, कॉलेजात सुरुवात केलेले सामने तेरा. अँथनी रिचर्डसन फ्लोरिडाचा, थेट एसईसीतला, २०२३ चा चौथा क्रमांक, सामने तेराच. तिघांच्या कॉन्फरन्स तीन, पातळ्या तीन, आणि गाडी अडली ती एकाच जागी. सामन्यातला अनुभवच कमी पडला. एका वर्षाच्या बळावर पहिला आलेला आणि यशस्वी झालेला कॅम न्यूटनसारखा खेळाडू अपवाद म्हणून आहेच, त्यामुळे हाही काही अटळ नियम नाही. तरीही लान्सबद्दल शंका घेण्याचं योग्य कारण त्याच्या सतरा सामन्यांत होतं. विल्सनचंही तसंच. २०२० साली बीवाययूच्या लाइनने त्याला इतकं जपलं होतं की दबावाखाली तो काय करतो हे पाहायला फारसं मिळालंच नाही. हा आक्षेप अलाबामाच्या मॅक जोन्सलाही तितकाच लागू होता, पण तिथे तो दबक्या आवाजात घेतला गेला.

आणि केवळ अपयशाची नावं मोजायची तर एसईसीचीही मोजावी लागतील. एलएसयूचा जमार्कस रसेल २००७ साली पहिला आला आणि तीन हंगामांत संपला. केंटकीचा टिम काउच १९९९ चा पहिला. मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधल्या मायामी ऑफ ओहायोचा बेन रॉथलिसबर्गर २००४ साली अकरावा आला, त्याने दोन सुपर बोल जिंकले. तेव्हा खालच्या विभागात असलेल्या डेलावेअरमधून आलेल्या जो फ्लॅकोने एक जिंकला. २००५ साली तर पहिला क्रमांक माउंटन वेस्टमधल्या यूटाच्या ॲलेक्स स्मिथला मिळाला आणि पॅक-टेनमधल्या कॅलिफोर्नियाचा ॲरन रॉजर्स चोविसाव्या क्रमांकापर्यंत ताटकळत राहिला. ही नावं मी 'छोटी कॉन्फरन्सच बरी' हे ठरवण्यासाठी देत नाही, तसं म्हणणंही तितकंच पोकळ ठरेल. सांगायचंय ते इतकंच, की ज्यांच्या नोकऱ्या या निर्णयावर टिकून असतात ते संघही प्रत्यक्ष निवड करताना या प्रतवारीपुढे नेहमी मान तुकवत नाहीत.

बिग ट्वेल्व्हबद्दल मात्र ती फार घट्ट बसली होती. २२ ऑक्टोबर २०१६ ला लबॉकमध्ये ओक्लाहोमाने टेक्सस टेकला ६६-५९ असं हरवलं. टेक्सस टेकच्या क्वार्टरबॅकने एकट्याने ७३४ यार्डांचे पास फेकले, समोरच्या बेकर मेफील्डने ५४५ यार्ड आणि सात टचडाउन. या सामन्याकडे बोट दाखवून अनेकांनी म्हटलं, की या कॉन्फरन्समध्ये डिफेन्स नावाची गोष्टच नाही, त्यामुळे हे आकडे निरर्थक. शिवाय टेक्सस टेकची 'एअर रेड' ही पासांवर भर देणारी पद्धत सोपी, त्यातले क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये चालत नाहीत. हरलेल्या क्वार्टरबॅकचं नाव पॅट्रिक महोम्स. त्या हंगामात त्याच्या संघाने पाच सामने जिंकले आणि सात हरले. २०१७ साली कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्या जागेवरून दहाव्यावर येऊन त्याला घेतलं, ट्रुबिस्कीनंतर आठ निवडींनी. त्याने आतापर्यंत तीन सुपर बोल जिंकले आहेत. आकडे फुगलेले होते हे खरंच होतं. पण फुगलेल्या आकड्यांच्या आत पुढची लाइन कोसळल्यावर, धावताना, अंगाला पीळ देत, भलत्याच कोनातून साठ यार्ड जाणारा चेंडूही होता, आणि तो चित्रफितीवर सगळ्यांना दिसत होता. ज्याने कॉन्फरन्सचं नाव वाचून फीत बंद केली त्याला तो दिसला नाही.

त्यात कॉन्फरन्स म्हणजे काय हेही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले, यूएससी, यूसीएलए, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, पॅक-ट्वेल्व्हचेच आणखी चार बिग ट्वेल्व्हमध्ये आणि दोन एसीसीत. शतकाहून जुन्या पॅक-ट्वेल्व्हमध्ये ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोनच उरले. हे स्थलांतर टीव्हीच्या करारांच्या पैशांसाठी झालं. आता एसईसीत सोळा संघ आहेत आणि २०२५ पर्यंत प्रत्येकाला कॉन्फरन्समधले आठच सामने खेळायचे होते. म्हणजे पंधरांपैकी सात प्रतिस्पर्धी समोर येतच नव्हते. एकाच वर्षी एसईसीत खेळलेल्या दोन क्वार्टरबॅकांपैकी एकाला जॉर्जिया भेटते, दुसऱ्याला भेटत नाही, शिक्का मात्र दोघांवर तोच. ओरेगॉन बिग टेनमध्ये जाऊन पहिल्याच वर्षी कॉन्फरन्समधला एकही सामना न हरता तिथला विजेता झाला. त्या संघाचा क्वार्टरबॅक डिलन गॅब्रिएल २०२५ साली तिसऱ्या फेरीत, चौऱ्याण्णवाव्या क्रमांकावर गेला. वर्षभर आधी 'कमजोर' पॅक-ट्वेल्व्हमध्ये खेळलेला ओरेगॉनचाच निक्स बारावा होता. गॅब्रिएलच्या उंचीबद्दल आणि हाताच्या ताकदीबद्दल शंका होत्या आणि त्या रास्त होत्या. म्हणजे जिथे नीट पाहिलं जातं तिथे कॉन्फरन्स आपोआप मागे पडते.

शिवाय कॉलेज आणि एनएफएल यांच्यातली दरी कुठल्याही दोन कॉन्फरन्समधल्या दरीहून मोठी आहे. कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्कच्या दोन ओळींमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात मैदानाची एक बाजू मोकळी राहते, तिथे चेंडू फेकणं आणि वाचणं दोन्ही वेगळं असतं. ही सवय अलाबामाच्या मुलालाही मोडावी लागते आणि वायोमिंगच्याही.

या प्रतवारीचा खरा भुर्दंड पहिल्या दहांत जाणाऱ्यांना पडत नाही. त्यांच्यासाठी संघ विमानं भरून माणसं पाठवतात, प्रत्येक पास दहादा पाहतात. मार बसतो तो तिसऱ्या फेरीपासून पुढे, जिथे वेळ कमी असतो, नावं शेकडो असतात आणि कोणीतरी कॉन्फरन्स पाहून यादी अर्ध्यावर आणतो. आणि हे मुलांना आधीच कळतं. कॅम वॉर्डने सॅन अँटोनिओच्या इन्कार्नेट वर्डपासून सुरुवात केली, मग वॉशिंग्टन स्टेटला गेला. २०२४ च्या ड्राफ्टसाठी नाव देऊन त्याने ते मागे घेतलं, एक वर्ष फ्लोरिडातल्या मायामीत खेळला आणि पहिला आला. त्याच्यानंतर वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक झालेला जॉन मटीर एका हंगामानंतर ओक्लाहोमाला, एसईसीत गेला. दोघांच्या निर्णयात पैसा होता, महत्त्वाकांक्षा होती, त्यात गैर काही नाही. पण वॉशिंग्टन स्टेट जिथे आहे त्या पुलमनसारख्या गावाने एखाद्या मुलाला घडवायचं आणि त्याने मोठ्या शिक्क्यासाठी निघून जायचं, हे असंच चालत राहिलं तर पुढचा ॲलन वायोमिंगमध्ये शेवटपर्यंत थांबणारच नाही. तो दुसऱ्याच वर्षी एखाद्या मोठ्या संघाच्या बाकावर तिसरा क्वार्टरबॅक म्हणून बसलेला असेल, आणि सामन्यातला जो अनुभव लान्सला, ट्रुबिस्कीला, रिचर्डसनला कमी पडला तोच त्यालाही मिळणार नाही.

म्हणून प्रतिस्पर्धी जरूर मोजा, पण सामन्यागणिक मोजा, कॉन्फरन्सच्या नावाने नको. समोरून किती जण धावून आले, लाइन किती वेळ टिकली, रिसीव्हर मोकळा होता की चेंडू अरुंद फटीतून काढावा लागला, पहिला पर्याय झाकला गेल्यावर नजर दुसऱ्याकडे गेली की पाय पळाले, आणि असे प्रसंग दहा सामन्यांत आले की चाळीस. हे सगळं फितीवर आहे, आयोवा-वायोमिंग सामन्याच्या फितीवरही होतं. ज्या संघाला ते पाहायला सवड नाही त्याने निवड करताना क्वार्टरबॅकच्या आकड्यांतून काहीतरी वजा करण्याचा हक्क सांगू नये.